यांना रोज चालवा

अमिता : त्यांच्याच शब्दांत सांगा. डॉक्टर तेव्हा नेमकं काय म्हणाले होते?

सुधीर : 'यांना रोज चालवा.' एवढंच. सकाळी नाहीतर संध्याकाळी, पण खाडा नको म्हणाले. आणि दिवाळीपासून मी एकही दिवस खाडा केलेला नाही, हे तूही बघितलंयस.

अमिता : बघितलंय ना. आणि घरी येऊन मला काय सांगितलंत?

सुधीर : बाबांना फिरवायला सांगितलंय म्हणून.

अमिता : मी मनात म्हटलं, नशीब काढलं सासऱ्यांनी, मुलगा रोज फिरवून आणतोय. अहो, 'बाबांना चालवा' म्हणजे बाबांना पायी चालायला लावा. चालणे, चालवणे. प्रयोजक क्रियापद म्हणतात त्याला. शाळेत मी पोरांना घसा कोरडा करून शिकवते, आणि माझ्याच घरात दिवाळीपासून त्याचा अर्थ पेट्रोल असा लावलाय.

सुधीर : 'चालवा' म्हटल्यावर काय चालवा ते सांगायला नको? वाक्यात कर्म पाहिजे.

अमिता : 'यांना' हे कर्मच आहे. बाबांना काय गिअर आहेत?

सुधीर : नवी गाडी नुकतीच दारात आली होती गं. पेढ्यांचा बॉक्सही संपला नव्हता. तेव्हा मला कोणी 'दुकान कसं चालतंय' विचारलं तरी मी मायलेज सांगायचो.

हरिबा : नवराबायको गाडीत भांडू नका. मला यष्टी डेपोत सोडा. पोलादपूरची गाडी पकडतो नि वर जातो.

सुधीर : बाबा, वर जायचा विषय संपलाय. उमरठच्या वरच्या आपल्या वाडीत आता घरं उघडी किती? गेल्या वर्षी गोठ्यात चक्कर येऊन पडलात. बयाकाकी दूध मागायला आली नसती तर कोणाला कळलंसुद्धा नसतं. म्हणून तर तुम्हाला इथे महाडला आणलं.

हरिबा : गोठ्यात पडलो व्हतो, शेणात. मऊ असता ता. हितं तुमच्या महाडात पडायला तरी जागा हाय का? जिथं पडू तिथं कोनाची तरी गाडी.

अमिता : आणि आज डॉक्टर काय म्हणाले ते आपण तिघांनी ऐकलंय. इथे यांचं चालणं होणार नसेल तर यांना गावी जाऊ द्या, तिथे निदान ढोरांमागे तरी फिरतील. इथे बसवून ठेवाल तर मी फक्त गोळ्या वाढवत जाणार, म्हणाले. तेव्हा बाबा राहणार की जाणार, हे आज घरी पोचेपर्यंत ठरायला हवं.

सुधीर : घरी पोचू तेव्हा ना. ही पुढची पांढरी गाडी कलिंगड घेतेय. भर बाजारपेठेत, रस्त्याच्या मधोमध, काचेतून. फळवाला फोड कापून दाखवतोय आणि हे साहेब आतूनच मान हलवतायत. खाली उतरायला नको.

अमिता : परवा तुम्ही कांदे घेतलेत तसेच.

सुधीर : मी इंडिकेटर दिला होता.

हरिबा : कांदे पन सडके निघाले.

अमिता : मला तर आज दवाखान्यात टेबलाखाली शिरावंसं वाटत होतं. डॉक्टरांनी सहज विचारलं, रोज चालवता ना? तर तुम्ही छाती पुढे काढून सांगताय, रोज, कधी सवच्या गरम पाण्याच्या कुंडांपर्यंत, कधी पोलादपूरपर्यंत. डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला.

सुधीर : तो माझ्याच दुकानातला आहे. नाकावर सैल झालाय, दुरुस्तीला आणा म्हणून किती वेळा सांगितलं.

अमिता : सैल नव्हता झाला. त्यांना धक्का बसला होता. विचारतात, पोलादपूरपर्यंत? आणि परत? तुम्ही म्हणालात, परत तर यायलाच हवं, जेवायला घरी लागतात ते. डॉक्टर उठून बाबांच्या पोटऱ्या बघायला लागले. बाहेर बसलेल्या पेशंटना दारातून म्हणाले, बघा या आजोबांकडे, नाहीतर तुम्ही. आणि बाबा, तुम्हीही काही बोलला नाहीत. खुशाल हात जोडून सगळ्यांचे नमस्कार घेत होतात.

हरिबा : एवढी माणसा मान देत व्हती. मोडता कशाला घालू?

अमिता : मग रिपोर्ट उघडला. साखर आधीपेक्षा जास्त. डॉक्टरांनी तिथूनच लॅबवाल्याला फोन करून झापलं, रिपोर्टची अदलाबदल केलीस म्हणून. तो बिचारा शपथा घेतोय. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, परत येताना मात्र मी ए.सी. बंद करतो, बाबांना सर्दी होते.

सुधीर : त्यानंतरच्या शांततेची आठवण नको करून देऊस.

अमिता : शांतता कसली? लॅबवाला अजून फोनवर होता. त्याचं हसणं बाहेरपर्यंत ऐकू गेलं.

हरिबा : भजीचा तेवढा नाय सांगितलास डाक्टरला. ता बरा केलास.

अमिता : कसली भजी?

सुधीर : बाबा.

हरिबा : हायवेच्या कडंला टपरी हाय ना गो. गाडी तिथं आपसूकच थांबता. कांदाभजी, वर गोड च्या. मी नको बोललो तर हा बोलतो, बाबा, एवढा डाक्टरनं सांगितलेला करतो आपन, थोडा खाल्ला तर काय व्हता?

अमिता : आणि रात्री घरी येऊन दोघंही म्हणायचात, आज भूक नाही. मी उगीच स्वतःच्या हाताला दोष देत होते. तरीच डॉक्टर तुम्हालाही म्हणाले, बसा, तुमचंही प्रेशर बघतो.

सुधीर : ते प्रेशर दवाखान्याबाहेर जागा न मिळाल्याचं होतं. अर्धा बाजार फिरलो मी गाडी लावायला. डॉक्टरांनाही ठाऊक आहे ते. आता प्रत्येक पेशंटला ते आधी विचारतात, गाडी लावायला जागा मिळाली का, आणि मग दंडाला पट्टा बांधतात. मिळाली नसेल तर थोडा वेळ पंख्याखाली बसवतात.

अमिता : तुम्हाला पंख्याखाली बसवूनही गोळी लिहून दिलीच. अहो, आपल्या गॅलरीतून दवाखान्याची पाटी दिसते. तेवढ्यासाठी आपण गाडी काढली. आणि आता परत जाताना तीच पाटी अजून मागच्या काचेतून दिसतेय.

सुधीर : मग कसं आणायचं बाबांना? चालत? फुटपाथ दाखव मला. गटारावरच्या लाद्या हलतात, लाद्या नाहीत तिथे मोटरसायकली, मोटरसायकली नाहीत तिथे गाड्या. माणसाने चालायचं ते रस्त्याच्या मधून. मागून हॉर्न, पुढून हॉर्न. म्हाताऱ्या माणसाला अशा रस्त्यावर सोडायचं?

अमिता : आपल्या श्रियाच्या बाबतीतही तुम्ही हेच म्हणता. शाळा पलीकडच्या गल्लीत, पण पोरीला चालत पाठवायचं नाही, कारण शाळेपाशी गाड्या फार. मी त्याच शाळेत शिकवते, रोज फाटकातून बघते. त्या गाड्या कोणाच्या असतात? पोरांना सोडायला आलेल्या आईबापांच्या. पोरं चालत का येत नाहीत, तर गाड्या फार म्हणून. मधल्या सुट्टीत त्यांना मैदानाला एक चक्कर मारायला सांगितली तर धापा टाकतात, आणि मला विचारतात, बाई, सावलीत उभं राहू?

सुधीर : एकट्या माझ्या गाडीने काय होणार? सगळ्यांनी कमी केल्या तर मीही करीन.

अमिता : पुढचा कलिंगड घेणाराही हेच म्हणत असेल. मागचाही. ऐका, वाजवतोय तो.

हरिबा : मी येत व्हतो की चालत. आल्या आल्या चांगला चालायचो. सकाळी नदीवर जायचो, सावित्रीचा पानी बघायचो, परत येऊन दारातल्या कट्ट्यावर बसायचो. श्रीपत यायचा, महिपती यायचा. महिपतीचे गुडघे दुखायचे, तरी यायचा. बसायला मिलता म्हनून यायचा.

सुधीर : बाबा, तो कट्टा तसाही मोडकळीला आला होता.

हरिबा : मोडकळीला नव्हता आला. घन घालून घालून गवंडी दमला. दुपारी जेवायला बसला तेव्हा मलाच बोलला, आजोबा, कोनी बांधलेला ओ हा, लय मजबूत बांधलान.

अमिता : कट्टा काढला तेव्हा मीही गप्प बसले, हे खरं आहे. गाडी दाराशी नसेल तर पावसात भिजेल म्हणालात.

हरिबा : गाडी भिजली नाय. श्रीपत आता घरात टीव्हीम्होरं बसतो. महिपती तर दिसतच नाय. त्याच्या पोरानंबी गाडी घेतलान, ती त्यांच्या दारात.

सुधीर : कट्ट्यामुळे तुमचं चालणं बंद नाही झालं, बाबा. तुम्हाला त्या गाडीचा आरसा लागला म्हणून मी बंद केलं. काळजीपोटी केलं.

अमिता : कोणत्या गाडीचा आरसा?

सुधीर : लागला असाच. गल्लीत. सांगितलं होतं ना तुला, दंड काळानिळा झाला होता.

अमिता : गाडी कोणाची ते नव्हतं सांगितलं.

हरिबा : सांग की रे. आपलीच. रिवर्स घेत व्हता. मी नदीवरनं येत व्हतो. आतमध्ये बाई बोलते ना पीप पीप, तिला मी दिसलो, ह्याला नाय दिसलो.

सुधीर : सेन्सर असतो तो.

अमिता : म्हणजे स्वतः बाबांना ठोकलंत, आणि मग रस्ता सेफ नाही म्हणून त्यांना घरात बसवलंत.

सुधीर : ठोकलं नाही. लागला. आणि मी किती रडवेला झालो होतो ते विचार त्यांना.

हरिबा : झालता. ता खोटा नाय. मलाच ह्याला पानी द्यावा लागला.

सुधीर : चुकलं माझं. कट्ट्याचंही चुकलं असेल. पण या 'चालवा'साठी मला एकट्याला धरू नका. ऐकून कोणाचाही गैरसमज झाला असता. बाबांचा झालाच ना?

हरिबा : माझा कशाला व्हईल? म्हस वला चारा खाऊन फुगली की ढोरांचा डाक्टर ताच सांगतो. हिला चालवा, बसू देऊ नका. मंग आमी काय तिला टेम्पोत घालून भजी खायला नेली?

अमिता : बाबा.

हरिबा : काय गो?

अमिता : म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून कळलं होतं.

हरिबा : ती पुढची गाडी सरकली वाटता.

सुधीर : नाही सरकली. बाबा, तुम्हाला माहीत होतं? आणि तरी रोज संध्याकाळी टोपी घालून गाडीपाशी येऊन उभे राहायचात?

हरिबा : राहायचो.

सुधीर : मी दुकानातून यायच्या आधी?

हरिबा : आधी.

सुधीर : साखर वाढतेय, पाय सुजतायत, आणि तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. का पण?

हरिबा : आता काय सांगू तुला. तू दुकानातनं येतोस, हातात मोबाईल. जेवताना मोबाईल, निजताना मोबाईल. मी काय विचारला तर हां हां करतोस, माझ्याकडं बघत पन नायस. गाडीत तुझे दोनी हात अडकलेले. वाजला तरी घेता येत नाय. मंग बोलायचास माझ्यासंगती. एकदा सवच्या वाटंला तुझ्या आयशीचा बोललास. ती तांदळाच्या भाकऱ्या थापायची त्याचा. ती गेल्यापासून घरात कोन तिचा नाव पन काढीत नाय. त्या दिवशी मला लय बरा वाटला.

सुधीर : मला आठवतंय.

हरिबा : मी खरा सांगितला असता तर तू काय बोलला असतास? बाबा, जा, जरा फेरी मारून या. नि मी एकटाच गेलो असतो. म्हनून गप बसलो. साखर वाढली तर वाढू दे, बोललो.

अमिता : अहो.

सुधीर : हं.

अमिता : उतरा खाली.

सुधीर : इथे? गाडी कोण नेणार?

अमिता : मी. लायसन्स आहे माझ्याकडे, तुमच्याआधीचं आहे.

सुधीर : अगं, तुला रिव्हर्सचा अंदाज नाही.

अमिता : तुमचा अंदाज बाबांच्या दंडावर बघितलाय मी. आणि इथे पुढे जाता येत नाहीये, मागे कुठून जाणार? उतरा म्हणते ना. बाबा, तुम्हीही उतरा. दार जपून उघडा, बाजूला भाजीवाली बसलीय.

(बापलेक उतरले. बाप कोथिंबिरीच्या जुड्या ओलांडून सराईतपणे पलीकडे गेला. मुलगा आधी शर्ट आरशात अडकवून, मग भाजीवालीचे चार शब्द ऐकून घेऊन त्याच्या मागे निघाला. आपल्याच बाजारपेठेत तो कित्येक महिन्यांनी पायांवर उभा होता, आणि सगळे आपल्याकडेच बघतायत असं त्याला उगाच वाटत होतं.)

सुधीर : बाबा, थांबा. कुठून जायचं इथून?

हरिबा : ह्या दोन गाड्यांच्या मधनं. पोट आत घे.

सुधीर : घेतलंय.

हरिबा : आनखी घे.

सुधीर : एवढंच जातं. तुम्ही कसे काय पार झालात?

हरिबा : जाळीतनं गेलेला माणूस हाय मी, करवंदाच्या. काटं तरी हलतात, ही पत्र्याची हलत पन नायत.

सुधीर : हॉर्न किती वाजतात इथे. आतून एवढे ऐकू नव्हते येत.

हरिबा : आतून तू वाजवायचास.

सुधीर : श्वास लागतो हो. आणि हा धूर. नाकात बसला. दुकान इथे असून मला कधी कळलं नाही.

हरिबा : काच वर असायची तुझी. तुझा ता वाजतोय बघ, खिशात.

सुधीर : वाजू दे.

हरिबा : बघ तरी. कामाचा असंल.

सुधीर : अमिताचा आहे. थांबा. हं, बोल. काय? अगं, तूसुद्धा? बाबा, ती विचारतेय, फळवाला तिच्या काचेपाशी आलाय, कलिंगड घेऊ का.

हरिबा : न उतरता?

सुधीर : न उतरता.

हरिबा : घे म्हनाव. पन वाजवून घे. नि तिला सांग, आमी तुझ्या लय म्होरं आलो.

सुधीर : सांगितलं. ठेवला फोन. बाबा, आपलं घर मागे राहिलं. वळायचं होतं.

हरिबा : ठाऊक हाय मला. नदीपर्यंत जाऊन येऊ.

सुधीर : दुकान उघडायचंय.

हरिबा : मंग जा तू. मी डेपोकडं वळतो.

सुधीर : तसं नाही म्हटलं मी. चला, नदीपर्यंत जाऊ. चष्मे काय, लोक थोडा वेळ थांबतील.

हरिबा : आज चाललास. उद्या?

सुधीर : उद्याही येईन. सकाळीच, दुकान उघडायच्या आधी.

हरिबा : नि परवा कोन माल घेऊन आला, कोनाचा लगीन निघाला, मंग?

सुधीर : मग तुम्ही मला हाक मारा. वाडीत गुरांना मारायचात तशी. गल्लीला ऐकू गेली तरी चालेल. बाबा, खरं सांगतो, वर तुमच्याजवळ कोणी नाही, तेवढ्यासाठीच मी तुम्हाला खाली आणलं असं नाही. मला तुम्ही इथे हवे होतात. आणल्यावर मग वेळच कुठे गेला काय कळलं नाही.

हरिबा : आनि ती गाडी? तिला कुठं बांधनार?

सुधीर : नदीकडच्या मोकळ्या जागेत लावीन. लांब पडेल, पण गल्लीतली माणसं तरी सुटतील. कट्टा परत बांधेपर्यंत दारात खुर्च्या टाकू. श्रीपतकाकांना मी स्वतः जाऊन घेऊन येतो.

हरिबा : चालत?

सुधीर : चालत. तुम्ही हसताय का?

हरिबा : नाय हसत. चल. तो बघ, पानी दिसाय लागला. लय उतरलाय यंदा.

सुधीर : बाबा, मग डेपोचं काय ठरलं? अमिता विचारेल.

हरिबा : यष्टी काय, उद्या पन असता. आज नाय जात.

सुधीर : बरं. जरा हळू हो. मला तुमच्या वेगाने नाही येता येत.

हरिबा : हळूच चाललोय. थांबतो, ये.

सुधीर : आलो. काय बघताय असं माझ्याकडे?

हरिबा : काय नाय. गाडीत नुसता डावा कान दिसायचा तुझा.